गाईड नको, सोबती हवा

जून उजाडला, छत्र्या बाहेर निघाल्या, की बेळगावातल्या पुस्तकांच्या दुकानांसमोर एकच प्रश्न ऐकू येतो, "गाईड आले का?" पोर मराठी माध्यमाचे असो, कन्नड माध्यमाचे असो की कॅम्पातल्या इंग्रजी शाळेचे असो, गाईड या शब्दाला भाषांतर लागत नाही. पाठ्यपुस्तक कोरे करकरीत राहते आणि गाईडची पाने मार्चपर्यंत सुटून हातात येतात. मी कॉलेजात साहित्य शिकवतो, तेव्हा गाईडला नावे ठेवणे हा माझा धंदाच असणार असे तुम्हाला वाटेल. तसे काही नाही. परीक्षा पास व्हायची तर गाईडचा उपयोग होतो, हे माझ्यासमोर बाकावर बसलेल्या पोरांना माझ्यापेक्षा चांगले कळते. पण पुस्तकांच्या जगात या गाईडचा एक थोरला भाऊ आहे आणि त्याची आपल्या घरांशी म्हणावी तशी ओळख झालेली नाही. आज त्याच्याविषयी बोलू.

इंग्रजीत त्याला 'कम्पॅनियन' म्हणतात. एखादा मोठा लेखक, एखादा साहित्यप्रकार किंवा एखादा कालखंड घ्यायचा आणि तो वाचताना वाचकाला जे जे अडते ते सगळे एका ठिकाणी आणून ठेवायचे, हे या पुस्तकाचे काम. सर पॉल हार्वी यांनी तयार केलेला, १९३२ साली निघालेला 'ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू इंग्लिश लिटरेचर' हा या घराण्यातला कर्ता पुरुष. त्यात लेखक, ग्रंथ, पात्रे आणि संदर्भ यांच्या अकारविल्हे नोंदी असतात. केंब्रिजच्या मालिकेची तऱ्हा निराळी. तिथे एकाच लेखकावर किंवा एकाच कालखंडावर निरनिराळ्या अभ्यासकांनी लिहिलेले लेख असतात, आरंभी सनावळी असते आणि शेवटी पुढे काय वाचावे ते सांगितलेले असते. या शब्दाची व्युत्पत्ती मोठी गोड आहे. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होतो, ज्याच्याबरोबर बसून भाकरी खावी असा माणूस. आपण त्याला सोबती म्हणू.

गाईड आणि सोबती ओळखायचे कसे? सोपी खूण आहे. वाचून झाल्यावर मूळ पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले तर ते गाईड. मूळ पुस्तक कुठे ठेवले आहे ते शोधायला आपण उठलो, तर तो सोबती. आता तर मोबाईलला विचारले की कुठल्याही कादंबरीचा सारांश अर्ध्या मिनिटात मिळतो. तो कितीही बरोबर असला तरी त्याची गत गाईडसारखीच. सारांश वाचून कुणाला कादंबरी आवडली आहे, असे काही माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळे विलायती वाटत असेल तर थोडे मागे जाऊ. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला एका तरुणाने गीतेवर जे निरूपण केले त्याचे नाव 'भावार्थदीपिका'. भावार्थ दिसावा म्हणून लावलेला दिवा. सोबतीच्या पुस्तकाचे याहून नेमके वर्णन दुसरे नसेल. गंमत अशी की हा सोबती पुढे इतका मोठा झाला की त्यालाच सोबती लागू लागले. सार्थ ज्ञानेश्वरीच्या किती आवृत्त्या आपल्या देवघरांत आहेत त्यांची मोजदाद नको. कन्नडमध्ये पाहा. बाराव्या शतकातल्या शरणांची वचने सुटी सुटी होती. पंधराव्या शतकात ती अल्लमप्रभू, बसवण्णा, अक्कमहादेवी यांच्या संवादांत गुंफून 'शून्यसंपादने' हा ग्रंथ सिद्ध झाला. कोणते वचन कोणत्या प्रसंगी, कुणाला उद्देशून, हे वाचकाला त्यातून कळते. पुढे वचनांची ताडपत्रे घराघरांत पडून राहिली होती. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी ती गोळा करत हिंडले आणि १९२३ साली त्यांनी 'वचनशास्त्रसार' छापून घेतला. छपाई कुठे झाली म्हणाल, तर आपल्या बेळगावात.

म्हणजे सोबती ही आपल्याकडची जुनी रीत आहे. छापखाने आल्यावर तिला आजचे रूप आले, एवढेच.

मराठीत या कामाची सुरुवात करणाऱ्यांत वि. ल. भावे यांचे नाव पहिले घ्यावे लागते. त्यांचे 'महाराष्ट्र सारस्वत' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूरच्या 'ग्रंथमाले'तून प्रथम आले. पुढे गं. दे. खानोलकरांनी 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' लिहून एकेका लेखकाची चरित्रे आणि कामगिरी नोंदवली. मग महाराष्ट्र साहित्य परिषदेने 'मराठी वाङ्मयाचा इतिहास' खंडाखंडांनी काढला. पहिला खंड शं. गो. तुळपुळ्यांनी, तर अर्वाचीन काळाचे आरंभीचे खंड रा. श्री. जोगांनी संपादित केले. हा झाला कालखंडांचा सोबती. लेखकांचा सोबती हवा असेल तर जया दडकर, प्रभा गणोरकर, वसंत आबाजी डहाके आणि सदानंद भटकळ यांनी संपादित केलेला 'संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश' आहे. साहित्यप्रकार आणि संज्ञांसाठी भटकळ फाउंडेशनचाच 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश' २००१ मध्ये आला. विडंबन म्हणजे काय आणि उपहास म्हणजे काय, यावर वर्गात वाद झाला की मी पोरांना त्याच्याकडे धाडतो.

कन्नडच्या फळीवरही तितकीच भारी माणसे आहेत. म्हैसूरचे आर. नरसिंहाचार्य हे शिलालेख वाचणारे पंडित. त्यांच्या 'कर्णाटक कविचरिते'चा पहिला भाग १९०७ साली निघाला आणि जुन्या कन्नड कवींचा काळ, ग्रंथ, आश्रयदाते यांची शिस्तवार नोंद पहिल्यांदाच एका जागी झाली. त्यानंतरचे मोठे नाव रं. श्री. मुगळी यांचे. त्यांच्या 'कन्नड साहित्य चरित्रे' या इतिहासाला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हा कन्नड साहित्याचा मान्यवर इतिहास लिहिणारा माणूस नोकरीला कुठे होता? सांगलीला, विलिंग्डन कॉलेजात! हरिपूरच्या हळदीचा वास येणाऱ्या गावात राहून त्यांनी पंप आणि कुमारव्यासाचा हिशेब मांडला. आपल्या सीमाभागातल्या माणसांना यात नवल वाटायचे कारण नाही, पण अभिमान वाटायला हरकत नसावी.

आता मुद्द्यावर येतो. या दोन्ही फळ्या माझ्यासमोर आहेत आणि दोन्हींवरची पुस्तके आपापल्या जागी उत्तम आहेत. तरी बेळगाव-निपाणीकडच्या घराला त्यांतले कुठलेही एक पुरत नाही. कारण प्रत्येक फळी सीमेवर येऊन थांबते.

आरंभीच्या पानांत तसे होत नाही, हे विशेष. मराठी वाङ्मयाचा कुठलाही मोठा इतिहास उघडा, सुरुवातीलाच श्रवणबेळगोळ येते. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळींचा उल्लेख केल्यावाचून त्या इतिहासाला पुढे सरकताच येत नाही. कन्नडचा इतिहास उघडा. नवव्या शतकातला 'कविराजमार्ग' हा तिथला पहिला उपलब्ध ग्रंथ. त्याने कन्नड मुलूख सांगितला तो कावेरीपासून गोदावरीपर्यंत. ज्या राष्ट्रकूटांच्या दरबारात तो लिहिला गेला त्याच घराण्याने आदल्या शतकात वेरूळचे कैलास लेणे खोदवले. म्हणजे दोन्ही इतिहासांची पहिली पाने एकमेकांच्या अंगणात उघडतात. नंतर मात्र दोन्ही पुस्तके आपापल्या घरात शिरतात आणि दार लावून घेतात.

दार लागल्यामुळे काय दिसायचे राहते ते सांगतो. सोळाव्या शतकात इकडे एकनाथ होते आणि तिकडे पुरंदरदास. दोघेही विठ्ठलाचे. पुरंदरदासांच्या पदांची मुद्राच मुळी 'पुरंदर विठ्ठल'. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ जमले. त्याच सुमारास धारवाडात बेंद्र्यांच्या भोवती 'गेळेयर गुंपु' म्हणजे मित्रांचा मेळा जमला होता. दोन्हीकडे तरुण कवी एकमेकांना कविता वाचून दाखवत होते. १९४७ मध्ये मर्ढेकरांच्या 'काही कविता' आल्या आणि मराठी कवितेने कूस बदलली. कन्नडमध्ये तेच काम गोपाळकृष्ण अडिगांच्या 'चंडे मद्दळे'ने १९५४ मध्ये केले. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, आणि त्याच दशकात कन्नडमध्ये दलित आणि बंडाय साहित्याची चळवळ उभी राहिली. एका फळीवर मर्ढेकर भेटतात, दुसरीवर अडिग. दोघांना शेजारी बसवणारे पान मात्र शोधावे लागते.

आणि आपली घरे कशी आहेत? आजी एकादशीला हरिपाठ म्हणते, आईच्या माहेरी बसवजयंती होते, शेजारी कन्नड, दूधवाला मराठी, आणि पोर कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत. पोराला दोन्ही भाषा खणखणीत बोलता येतात. अक्का, अण्णा आणि तूप हे शब्द मुळात कुणाचे, असा प्रश्नही त्याला पडत नाही. पण वाचायला बसवा, की मराठीत जोडाक्षराला अडते आणि कन्नडमध्ये ओत्तक्षराला. पुलंच्या 'रावसाहेबां'वर हे पोर पोट धरून हसते, कारण ते ऐकलेले असते. तेच 'गणगोत' हातात दिले तर तीन पानांनंतर ते मोबाईल शोधू लागते. बोलण्यात दोन भाषांचा धनी आणि वाचण्यात दोन्हींचा पाहुणा अशी ही पिढी आहे. तिच्यासाठी सोबती हवा. आणि तोही दोन फळ्यांवर पाय ठेवून उभा राहणारा.

असे कुणी केलेच नाही असे मात्र नाही. आपल्या हिंदवाडीत गुरुदेव रानडे मंदिर आहे. तिथून जाता-येता आपण हात जोडतो. ज्यांच्या नावाने ते आहे त्या प्रा. रा. द. रानड्यांनी साहित्याच्या बाबतीत काय करून ठेवले आहे, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. त्यांचा जन्म १८८६ साली जमखंडीचा. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकवले, पुढे अलाहाबाद विद्यापीठात प्राध्यापक आणि कुलगुरू झाले, अखेरीस विजापूर जिल्ह्यातल्या निंबाळला राहिले आणि १९५७ साली तिथेच देह ठेवला. १९३३ मध्ये त्यांचे 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' प्रसिद्ध झाले. ज्ञानदेवांपासून रामदासांपर्यंतच्या संतांची त्यात केवळ चरित्रे नाहीत, प्रत्येकाच्या भक्तीचा पोत कसा वेगळा आहे ते त्यांनी दाखवले आहे. ज्ञानदेवांची वाट बुद्धीची, नामदेवकालीन संतांची लोकांत मिसळणारी, एकनाथांची समन्वयाची, तुकारामांची अगदी आतल्या जिवाची आणि रामदासांची कर्माची, अशी त्यांची विभागणी. ती पटो न पटो, एकदा ऐकली की गाथा आणि दासबोध शेजारी ठेवून पाहावेसे वाटते. पुढे १९६० मध्ये, त्यांच्या पश्चात, 'पाथवे टू गॉड इन कन्नड लिटरेचर' आले. त्यात शरण आहेत आणि हरिदासही आहेत. शिवाय 'ज्ञानेश्वर वचनामृत', 'तुकाराम वचनामृत' अशी मूळ वेच्यांची संकलने त्यांनी मराठीत केली. म्हणजे सोबत्याने करायची दोन्ही कामे त्यांनी केली. समजावूनही सांगितले आणि मूळ शब्दही हातात ठेवले.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मराठी आणि कन्नड संतांना एका माणसाने, एकाच नजरेने वाचले, आणि ते लिहिले इंग्रजीत. म्हणजे ही दोन पुस्तके कॅम्पातल्या कॉलेजकुमाराला वाचता येतील, त्याच्या आजीला येणार नाहीत. उलट त्या पुस्तकांतले मूळ अभंग आणि पदे आजीला तोंडपाठ आहेत, नातवाला नाहीत. दोघे एका टेबलाशी बसले तर पुस्तक पुरे होते. भाकरी वाटून खाणारा, हा जो शब्दार्थ वर सांगितला, तो इथे अगदी शब्दशः खरा ठरतो.

सोबत्यावर किती विसंबायचे, हेही सांगायला हवे. पहिली गोष्ट, सोबती जुना होतो. भाव्यांनी 'सारस्वत' पहिल्यांदा लिहिले तेव्हा महानुभावांचे वाङ्मय सांकेतिक लिप्यांच्या कुलपात होते. ते कुलूप उघडल्यावर मराठी गद्याचा आरंभच मागे सरकला आणि भाव्यांना पुढच्या आवृत्तीत बरेच नव्याने मांडावे लागले. त्यानंतर तुळपुळ्यांनी पुरवणी जोडली. म्हणून असा ग्रंथ हातात घेतला की आधी आवृत्तीचे साल पाहावे. दुसरी गोष्ट, प्रत्येक सोबत्याला आपला एक ओढा असतो. रानड्यांना साक्षात्काराची ओढ होती, म्हणून लावणी, पोवाडा, जात्यावरच्या ओव्या त्यांच्या वाटेत येत नाहीत. ज्या घरात आजी जात्यावर गायची त्या घराने याचा राग धरू नये, फक्त ती जागा आपण भरायची आहे हे ओळखावे. तिसरी गोष्ट, सोबत्याचे मत हे आपले मत नव्हे. ज्या कवितेला कोशात दोन ओळी मिळाल्या ती तुम्हाला आयुष्यभर पुरेल. ज्या कादंबरीवर दोन पाने खर्च झाली ती तुम्ही पंचविसाव्या पानावर सोडून द्याल. दोन्ही चालते.

एक उदाहरण घेऊन हे सगळे घरात कसे आणायचे ते पाहू. उदाहरण आपल्याच मातीतले घेतो. जी. ए. कुलकर्णी. चिक्कोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, शिक्षण बेळगावात, नोकरी धारवाडच्या जे.एस.एस. कॉलेजात. भोवताली कन्नड, शिकवायला इंग्रजी, लिहायला मराठी. १९७३ मध्ये 'काजळमाया'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्यांनी तो परत केला, ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. कथा वाचलेल्यांची संख्या त्याहून बरीच कमी. बहुतेकांची तक्रार एकच, "जीए अवघड आहेत हो." अवघड आहेतच. पण सुरुवात उगाच 'इस्किलार'पासून केली की कुणालाही धाप लागेल. तो घाट आहे, त्याच्या आधी पायवाट आहे.

घरात लहान मूल असेल तर 'बखर बिम्मची' मोठ्याने वाचून दाखवा. कॉलेजात जाणारे असेल तर १९५९ च्या 'निळासावळा'पासून सुरू करा, मग 'पारवा', 'हिरवे रावे'. त्या कथांतली घरे, वाडे, अंगणे, तिथली माणसांची नावे आपल्याला परकी नाहीत. मग 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर १९८८ मध्ये निघालेले हे पुस्तक त्याच्या आठवणींतल्या माणसांचे आहे. जीएंनीच जीएंसाठी ठेवलेला हा सोबती आहे म्हणा ना. त्यानंतर म. द. हातकणंगलेकरांनी निवडलेल्या कथांचा 'डोहकाळिमा' आणि जीएंच्या पत्रांचे खंड. हातकणंगलेकर इंग्रजीचे प्राध्यापक, त्यांचाही मुक्काम सांगलीच्या विलिंग्डनमध्येच. एवढी तयारी झाल्यावर 'ऑर्फियस' वाचताना ग्रीक कथेची दोन पाने आधी वाचून घ्या आणि 'यात्रिक' वाचताना डॉन क्विक्झोट कोण, ते एकदा पाहून ठेवा. इथे इंग्रजी कम्पॅनियन कामाला येतो. पुण्याच्या वाचकाला जीएंच्या कथेतले धारवाडी वळण समजायला टीप लागेल, आपल्याला लागणार नाही. ग्रीक दंतकथेला मात्र दोघांनाही लागेल. कुठे सोबती हवा आणि कुठे आपणच सोबती आहोत, हे असे कथेगणिक बदलत जाते.

आपण सोबती आहोत, असे म्हणालो ते उगाच नाही. निपाणीच्या महादेव मोऱ्यांची गोष्ट घ्या. पिठाची गिरणी चालवत त्यांनी आयुष्यभर लिहिले. ड्रायव्हर, मेस्त्री, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, बाजारातली माणसे यांची बोली त्यांनी जशीच्या तशी कागदावर उतरवली. त्या बोलीत मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते ते निपाणीकरालाच कळते. २०२४ मध्ये ते गेले. उद्या एखादा विद्यार्थी त्यांच्या कथांवर प्रबंध लिहू लागला आणि एखाद्या शब्दापाशी अडला तर त्याने कुठला कोश उघडावा? तो शब्द आज निपाणीच्या गल्लीतल्या एखाद्या आजोबांच्या तोंडी आहे. आजोबा आहेत तोवर आहे. या एका गोष्टीसाठी मी आजचा हा सगळा लेखप्रपंच मांडला आहे. लेखकाला सोबती लिहिणारे पंडित पन्नास वर्षांनीही मिळतील. शब्दाचा अर्थ सांगणारा माणूस थांबणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. घरात एक दोनशे पानी वही आणा. प्रत्येक पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करा, एक मराठीचा, एक कन्नडचा. पहिल्या काही पानांवर सनावळी करा. इकडे ज्ञानेश्वरी तर तिकडे त्या काळात काय, इकडे एकनाथ तर तिकडे पुरंदरदास, इकडे मर्ढेकर तर तिकडे अडिग. पुढची पाने आपल्या जिल्ह्याच्या लेखकांना द्या. डाव्या रकान्यात आयुष्य बेळगावात काढलेल्या, १९८४ मध्ये 'गर्भरेशीम'साठी अकादमी पुरस्कार मिळालेल्या इंदिरा संत, उजव्या रकान्यात हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे, २०१० च्या ज्ञानपीठाचे मानकरी चंद्रशेखर कंबार. एकाच जिल्ह्याची ही दोन माणसे एका पानावर आली की पोराला आपला जिल्हा केवढा आहे ते कळते. शेवटची पन्नास पाने शब्दांसाठी ठेवा. वाचताना अडलेला शब्द, आजीने सांगितलेला अर्थ, आणि आजीचे गाव. गाव लिहायला विसरू नका, कारण खानापूरचा शब्द आणि निपाणीचा शब्द एक नव्हे.

माहिती कुठून भरायची? बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे. वर सांगितलेल्यांपैकी जाडजूड कोश आणि इतिहास सहसा कुठलेही वाचनालय घरी देत नाही, तेव्हा रविवारची सकाळ तिथे काढा. पोराला बरोबर न्या, परत येताना काय खायचे ते त्याला ठरवू द्या. घरी ठेवायला लहान आणि स्वस्त सोबती हवा असेल तर साहित्य अकादमीच्या 'भारतीय साहित्याचे निर्माते' या मालिकेतल्या पुस्तिका पाहा. एका लेखकावर एक पातळ पुस्तिका, बऱ्याचशा इंग्रजीत आणि कित्येक इतर भारतीय भाषांतही. त्यात भालचंद्र नेमाड्यांनी तुकारामांवर लिहिले आहे, पु. य. देशपांड्यांनी ज्ञानदेवांवर, तिप्पेरुद्रस्वामींनी बसवेश्वरांवर. मराठी विश्वकोश तर आता मोबाईलवरच उघडतो. त्या यंत्राचा एवढा सदुपयोग व्हायला हरकत नाही.

दोन माणसांनी मिळून वाचण्याची ही रीत चालते का, असे कुणी विचारील. बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांचे उदाहरण आहे. विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड वाचून दाखवायचे आणि उमाताईंनी ऐकून मराठीत उतरवायचे, या पद्धतीने त्यांच्या अनुवादाच्या कामाला सुरुवात झाली. भैरप्पांच्या 'वंशवृक्षा'च्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. एकाला लिपी येत होती, एकीला लिहिण्याचा हात होता. आपल्यापैकी कितीतरी घरांत असेच आहे. एकाला कन्नड वाचता येते, एकाला मराठी, तिसऱ्याला फक्त इंग्रजी. वेगवेगळ्या खोल्यांत बसले तर तिघेही अर्धवट वाचक. जेवणानंतर अर्धा तास एकत्र बसले तर त्या घरात दोन भाषांचे साहित्य वाचले जाते.

तेव्हा या जूनमध्ये पोराला गाईड घेऊन द्या, परीक्षा त्याला द्यायचीच आहे. त्याच दुकानातून ती दोनशे पानी वहीही घ्या. पहिल्या पानावर कुठला शब्द लिहिलात आणि तो घरात कुणी सांगितला, ते आम्हाला कळवा.